विषय सापडण्याआधी

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर कधीतरी गाडीची घाई नसताना उभं राहावं आणि मान वर करून पाहावं. कमानींच्या वर, खांबांच्या माथ्यावर दगडात कोरलेली पानं आहेत, वेली आहेत, मोर आहेत, माकडं आहेत. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून या इमारतीचं काम 1878 मध्ये सुरू झालं आणि पुढची दहा वर्षं चाललं. तिच्यावरच्या नक्षीकामाचा मोठा भाग हाकेच्या अंतरावरच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आजच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या विद्यार्थ्यांच्या हातचा आहे. आज ज्याला आपण ‘स्टुडंट प्रोजेक्ट’ म्हणतो, तसंच ते काम होतं. लाखो माणसं रोज त्याच्या खालून जातात. विषय काय घ्यावा, हा प्रश्न त्या मुलांपुढे नव्हता. इमारत ठरलेली, दगड ठरलेला, भरायची जागाही ठरलेली. पानाचा देठ कुठे वळवायचा, मोराची मान कोपऱ्यात कशी बसवायची, हे मात्र कुणीतरी हातात छिन्नी घेऊनच सोडवलं असणार.

आजच्या विद्यार्थ्याची अडचण याच्या उलट आहे. अंतिम वर्षात त्याला सगळं मोकळं मिळतं. विषय तुमचा, माध्यम तुमचं, आकार तुमचा. आधीची वर्षं त्याने स्टिल लाइफ, लाइफ ड्रॉइंग, कम्पोझिशन अशी नेमून दिलेली कामं केलेली असतात आणि अचानक पुढ्यात मैदान येतं. “सर, विषय काय घेऊ?” हा प्रश्न जुलैत येतो. गणपती येऊन जातात, दिवाळीची सुट्टी संपते, तरी प्रश्न तोच. संक्रांतीनंतर सबमिशनची तारीख लागते आणि मग जो विषय हाताशी येईल तो घेतला जातो. प्रदर्शनाच्या भिंतीवर ही घाई लपत नाही. रंग नीट लागलेले असतात, चौकट नेटकी असते. पण चित्रकाराने त्या गोष्टीकडे फार वेळ पाहिलेलं नाही, हे पाहणाऱ्याला लगेच कळतं. या मुलांमध्ये गुणवत्ता कमी नसते. त्यांचे सहा महिने चुकीच्या प्रश्नापाशी खर्च झालेले असतात.

माझं म्हणणं सरळ आहे आणि पुढचं सगळं पुस्तक त्याच्यावर उभं आहे. खोलीत बसून विषय ठरत नाही. एखाद्या जागेकडे, वस्तूकडे किंवा माणसाकडे वही घेऊन पुन्हा पुन्हा गेलं की तो हळूहळू उघडा पडतो. म्हणून विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात जागा निवडावी. घरापासून, होस्टेलपासून चालत जाता येईल, पैसे पडणार नाहीत, आठवड्यातून दोन-तीनदा सहज जमेल अशी जागा. विषयाचं नाव मागाहून येईल, आणि आलं की ते बाहेरून चिकटवलेलं वाटणार नाही.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांचं उदाहरण या संदर्भात मला फार मोलाचं वाटतं. मुंबईच्या कलाशाळेत ते शिकले आणि पुन्हा कोल्हापुरात आले. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय त्यांना होता. मुंबईतच राहून व्यक्तिचित्रांवर नाव कमावण्याचा रस्ता त्या काळी खुला होता. त्यांची नजर मात्र कोल्हापूरच्या पाण्यावर स्थिरावली. कोटितीर्थाचा तलाव, रंकाळा, काठावरची झाडं, देवळं आणि घाट त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवले. तेच पाणी सकाळी वेगळं असतं, पावसाळ्यात गढूळ झालं की वेगळं असतं, तिन्हीसांजेला काठावरची झाडं काळी पडली की पुन्हा वेगळं. हा फरक एका भेटीत दिसत नाही. पहिल्या दिवशी दिसतो तो फक्त तलाव. दहाव्या वेळी कुठे समजतं की आपल्याला रस पाण्यात नाही, पाण्यावर पडलेल्या सावलीच्या काठात आहे. विद्यार्थी ज्याला ‘माझा विषय’ म्हणतो तो असा, आत कुठेतरी, पुष्कळ भेटींनंतर हाती लागतो. कोल्हापुरात पुढे निसर्गचित्रणाची जी परंपरा वाढली तिच्या मुळाशी एका माणसाचं हे परत परत जाणं आहे.

आपल्या काळातलं उदाहरण हवं असेल तर सुधीर पटवर्धन यांचं आहे. ते वैद्यक शिकले, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून वर्षानुवर्षं काम करत राहिले आणि सोबत चित्रं काढत राहिले. कलामहाविद्यालयाचं रीतसर शिक्षण त्यांच्यापाशी नव्हतं. रोजच्या वाटेवर दिसणारं शहर मात्र होतं. रेल्वेचे पूल, इराणी हॉटेलातली टेबलं, लोअर परळ, उल्हासनगर, वाढत जाणाऱ्या ठाण्यातल्या इमारती आणि त्यांच्यामध्ये शिल्लक राहिलेल्या टेकड्या त्यांच्या चित्रांत आहेत. या जागा काही निसर्गरम्य नाहीत. ट्रेनमधून जाताना आपण मोबाइलमध्ये डोकं घालून त्या ओलांडतो. पटवर्धनांच्या चित्रासमोर उभं राहिलं की या पुलावर उभा असलेला माणूस कोण, त्याचे खांदे असे का झुकलेत, असे प्रश्न पडू लागतात. ते प्रश्न चित्रकाराला आधी पडलेले होते म्हणूनच ते आपल्यापर्यंत पोचतात.

“आमच्या गावाकडे काही नाही, सर,” हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं. हिंगोली, वाशीम, धाराशिव, नंदुरबार इथून आलेली मुलं मुंबई-पुण्यात येतात, गॅलरीतली प्रदर्शनं पाहतात आणि आपल्या गावाबद्दल मनात एक संकोच धरून बसतात. मग ती मरीन ड्राइव्ह रंगवतात, चाळ रंगवतात, डबेवाले रंगवतात. या गोष्टी त्यांनी चार दिवस पाहिलेल्या असतात. ज्या गोष्टी जन्मापासून पाहिल्या त्या मात्र चित्रात यायला कचरतात. उसाच्या गुऱ्हाळावर रात्री काहिलीखाली पेटलेला जाळ आणि त्या उजेडात काम करणाऱ्यांचे अर्धेच दिसणारे चेहरे ज्याने लहानपणापासून पाहिलेत, त्याला प्रकाश-छायेचा धडा परदेशी चित्रांच्या पुस्तकातून नव्याने शिकण्याची गरज नाही. सोलापुरात ज्याच्या घरी माग होता त्याला आडव्या-उभ्या धाग्यांची लय कानाने माहीत असते. पेणची मुलगी आषाढात गणपतीच्या कारखान्यातून शाळेत जात असेल, तर रंग न लावलेल्या मूर्तींच्या रांगा, एकसारखे पांढरे शंभर चेहरे आणि एका कोपऱ्यात बसून डोळ्यांची आखणी करणारा कारागीर तिने पाहिलेला असतो. आखणी होण्याआधीची मूर्ती आणि नंतरची मूर्ती यांत काय बदलतं? हा चित्रकलेतला मूळ प्रश्न आहे. तो तिच्या गल्लीत आहे आणि ती तो इंटरनेटवर शोधते आहे.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं हातात समई घेतलेल्या तरुणीचं जलरंगातलं चित्र सगळ्यांना माहीत आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात ते आहे आणि पुष्कळ लोक ते चुकून राजा रविवर्म्याचं समजतात. त्या चित्रासाठी समोर उभी राहिली ती हळदणकरांची स्वतःची मुलगी. ज्योतीवर धरलेल्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड घरातच दिसला आणि घरातच रंगवला गेला.

जवळचं पाहण्याची सवय आपल्याकडे शाळेतच मोडली जाते, हे मला इथे स्पष्टपणे लिहिलं पाहिजे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा महाराष्ट्रातल्या मुलांना चित्रकलेच्या दारापर्यंत आणतात. तालुक्याच्या गावातल्या मुलाला चित्रकला हा गंभीर विषय आहे, हे पहिल्यांदा या परीक्षांमुळे कळतं. त्यांचं हे ऋण मोठं आहे. त्यांतली ‘स्मरणचित्र’ ही प्रश्नपत्रिका तर कल्पना म्हणून फार सुंदर आहे. मुलाने बाजार, बसस्थानक, नदीचा घाट असं काही प्रत्यक्ष पाहिलेलं आठवून काढावं, अशी तिच्यामागची अपेक्षा. होतं मात्र असं की परीक्षेच्या आधी मार्गदर्शक पुस्तकातले चार तयार देखावे पाठ करून घेतले जातात. भाजीवाली कुठे बसवायची, पाठमोरा माणूस कुठे, छत्री कुठे, झाड कुठल्या कडेला, सगळं पाठ. मुलगा स्वतः ज्या बाजारात आईबरोबर जातो तो त्या कागदावर येतच नाही. चांगली ‘ए’ ग्रेड मिळते आणि एक सवय आतपर्यंत रुजते : चित्र म्हणजे दुसऱ्या कुणी आधी काढलेलं चित्र आठवणं. पुढे कॉलेजात मार्गदर्शकाची जागा पिन्टरेस्ट घेतं, एवढाच फरक पडतो. अंतिम वर्षाचा विद्यार्थी ‘रेफरन्स’ शोधत रात्र जागवतो तेव्हा तो सातवीत शिकलेलीच गोष्ट करत असतो. त्याला दोष देऊन काय होणार? पण ही सवय ओळखून तिच्यातून बाहेर पडणं, हे सुरुवातीचं सगळ्यात मोठं काम आहे.

फोटोविषयीही थोडं बोललं पाहिजे, कारण तो आता प्रत्येकाच्या खिशात आहे आणि त्याला बंदी घालण्यात अर्थ नाही. अडचण फोटो काढण्यात नाही, तो कधी काढतो यात आहे. जागेवर पोचताच फोटो घेतला की चौकट, कोन, प्रकाश, काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे सगळं एका क्षणात ठरून जातं आणि ते ठरवायला आपण जागेवर पुरेसे थांबलेलोच नसतो. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. सावलीत आपल्याला दिसणारे निळे-तपकिरी रंग त्याच्यात बहुतेक वेळा काळे होऊन जातात. चार पावलं सरकल्यावर झाडामागून जे घर दिसू लागतं ते त्याच्या चौकटीत नसतं. चित्रकार मात्र चार पावलं सरकतो आणि दोन्ही बाजूंनी दिसलेलं एका कागदावर आणू शकतो. म्हणून आधी तासभर रेखाटन करा. निघताना, तपशिलासाठी, खिडकीचे गज किती होते एवढ्यापुरता फोटो घ्या. घरी आल्यावर आधी वही उघडा. फोटो अडल्यावरच.

कन्सेप्ट नोट हा दुसरा अडथळा. विद्यापीठाला ती हवी असते, म्हणून ती आधी लिहिली जाते आणि लिहिताना मोठमोठे शब्द येतात : अस्तित्व, घुसमट, मानव आणि निसर्ग, काळाचा प्रवाह. हे शब्द खोटे नसतात. वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींना या गोष्टी आतून जाणवतही असतात. पण घुसमट रंगवता येत नाही. बंद खिडकी रंगवता येते, बंद खिडकीच्या काचेवर आतून धरलेली वाफ रंगवता येते, लेडीज डब्यात दोन माणसांच्या मध्ये अडकलेला एक हात रंगवता येतो. विद्यार्थ्याने असा शब्द आणला तर मी विचारतो, हे तू कुठे पाहिलंस? कुठल्या खोलीत? तिथे काय काय होतं? बहुतेक वेळा उत्तर असतं. स्थलांतर म्हणणाऱ्या मुलाला दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवर बांधलेली भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि वर बसलेलं आपलंच बालपण आठवतं. ते सांगताना त्याचा आवाज बदलतो. तिथून पुढे कन्सेप्ट नोटची गरज उरत नाही, किंवा ती आपोआप लिहिली जाते.

आता अनुकरणाविषयी. कुणाचं तरी पाहून काढणं कमीपणाचं, असं काही विद्यार्थ्यांना वाटतं, तर काही जण फक्त तेवढंच करतात. इतिहासात डोकावलं तर याहून समजूतदार वाट दिसते. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊ लागले. भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचं हे काम 1885 पर्यंत चाललं. ओल्या, अंधाऱ्या लेण्यांमध्ये, झिजलेल्या भिंतीसमोर, जिथे रेषा तुटली आहे तिथे ती मूळ कशी गेली असेल याचा अंदाज बांधत त्या मुलांनी काम केलं. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच आगीत जळाल्या. उरलेल्या साहित्यावरून ग्रिफिथ्स यांचे दोन मोठे खंड 1896-97 मध्ये निघाले. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पेस्तनजी बोमनजी यांचं पुढचं काम. अजिंठ्याच्या त्या तुकडीत ते होते. पण स्वतःची चित्रं करताना त्यांनी बोधिसत्त्व रंगवले नाहीत. पारशी घरातली माणसं, त्यांचे कपडे, त्यांच्या खोल्यांतला मंद उजेड हे त्यांनी रंगवलं. हाताने भिंतीवरची रेषा इतका काळ गिरवली होती की स्वतःच्या घरातला आकार धरायला तो तयार झाला होता. प्रतिकृती हे काम संपवण्यासाठी नसतं, हात तापवण्यासाठी असतं. एका चांगल्या चित्रासमोर बसून त्याची मोठी वजनं कुठे आहेत, डोळा कुठून शिरतो, कुठे थांबतो हे पेन्सिलीने शोधावं आणि मग उठून आपल्या जागेकडे जावं.

याच्या उलट जे घडतं त्याचं दुःख मला वारली चित्रांच्या बाबतीत सर्वाधिक आहे. दर वर्षी प्रत्येक कॉलेजात कुणीतरी ‘वारली’ हा प्रोजेक्ट घेतं. त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणसं, गोल फेरातला तारपा नाच, आणि ते सगळं कुर्त्यावर, कपावर, मोबाइलच्या कव्हरवर. विद्यार्थी डहाणू-जव्हारच्या बाजूला एकदाही गेलेला नसतो. लग्नात घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात, त्या चौकात पालघट देवी असते, धवलेरी गाते आणि त्याशिवाय लग्न लागत नाही, हे त्याला ठाऊक नसतं. जिव्या सोमा मशे यांनी ही लेखनाची रीत लग्नाच्या भिंतीवरून उचलून रोजच्या जगण्याकडे वळवली. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र पाहा. बारीक पांढऱ्या रेषांचं ते जाळं कागदभर पसरतं आणि मिनिटभर पाहिलं की ते हलतं आहे असं वाटतं. साध्या चौकोन-त्रिकोण-वर्तुळातून एवढी हालचाल येते, कारण जाळं कसं फेकलं जातं, मुंग्या रांगेने कशा चढतात हे त्या माणसाने आयुष्यभर पाहिलं होतं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांच्यापासून शिकायचं असेल तर मुंग्यांकडे पाहायला शिकावं. त्यांची माणसं उचलून कपावर छापू नयेत. दुसऱ्या समाजाची कला विषय म्हणून घ्यायचीच असेल तर तिथे जावं, राहावं, ज्यांची ती आहे त्यांना विचारावं, त्यांचं नाव प्रदर्शनात लिहावं. एवढी तयारी नसेल तर तो विषय सोडून द्यावा.

मर्यादा हा सुरुवातीचा सर्वांत भरवशाचा सोबती आहे. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत जोसेफ आल्बर्स यांनी एकदा विद्यार्थ्यांना वर्तमानपत्रं वाटली आणि सांगितलं की यातून काही करा, साहित्य वाया घालवू नका, शक्य तर कात्री आणि डिंकही नको. ते परत आले तेव्हा कुणी किल्ला केला होता, कुणी मुखवटा, कुणी जहाज. आल्बर्स यांना आवडलं ते वेगळंच काम : एकाने कागदाला फक्त उभी घडी घातली होती आणि तो कागद स्वतःच्या बळावर उभा होता. एरवी आडवा लोळणारा कागद घडीमुळे उभा राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजू एकदम दिसतात, हे कागदालाच विचारून सापडलेलं उत्तर होतं. किल्ला आणि जहाज तर दुसऱ्या कशाचंही करता आलं असतं. मी विद्यार्थ्यांना सांगतो की पहिला महिना एकच पेन्सिल, एकाच आकाराचा कागद, एक जागा. दुसऱ्या महिन्यात दोन रंग. गेरू आणि काळा घ्या, नाहीतर निळा आणि पिवळी माती. जे दोन रंगांत बसत नाही ते खरोखर हवंच आहे का, हे आपोआप कळतं.

साहित्यावरचा खर्च हीदेखील फार मोठी धास्ती असते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मोठा कॅनव्हास, स्ट्रेचर, चांगले तैलरंग हे शेतकऱ्याच्या किंवा रिक्षा चालवणाऱ्याच्या मुलाला परवडत नाहीत. म्हणून तो कॅनव्हाससमोर आला की हात आखडतो. बिघडला तर? त्या भीतीनेच तो बिघडतो. सुरुवातीची पन्नास कामं अशा कागदावर करा की फाडताना काही वाटू नये. न्यूजप्रिंट, ब्राऊन पेपर, जुन्या कॅलेंडरांची मागची बाजू, छापखान्यातली कातरणं, सगळं चालतं. काडेपेटीएवढ्या चौकटी आखून एकाच दृश्याचे वीस-पंचवीस थंबनेल काढा. पहिले पाच-सहा सारखेच येतील, कारण ते डोक्यात आधीच असलेलं चित्र असतं. पुढचे काही कंटाळ्याने येतील. त्यानंतर क्षितिज वर जाईल, माणूस कडेला सरकेल, मधली जागा मोकळी पडेल आणि पाहता पाहता एखादी चौकट अशी येईल की तिच्याकडे आपण स्वतःच पुन्हा वळून पाहतो. मोठ्या कॅनव्हासला हात घालायचा तो त्यानंतर.

प्रभाकर बरवे यांच्याविषयी लिहिल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. नागावला 1936 मध्ये जन्मलेले बरवे जे. जे. मधून शिकून बाहेर पडले, काही वर्षं वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात काम करून मुंबईला परतले. त्यांच्या चित्रांतल्या वस्तू पाहिल्या तर थक्क व्हायला होतं : घड्याळ, पान, किल्ली, सेफ्टी पिन, फळ, ढग. कुणाच्याही टेबलावर किंवा खिडकीत असतील अशा या गोष्टी. त्या सपाट, शांत अवकाशात अशा काही अंतरावर ठेवलेल्या असतात की त्यांच्यात काहीतरी नातं आहे असं वाटत राहतं आणि ते काय हे मात्र पटकन सांगता येत नाही. बरवे आयुष्यभर वह्या लिहीत राहिले. छोटी रेखाटनं, वाक्यं, स्वप्नं, एखाद्या आकाराविषयीची शंका त्यांत नोंदवत राहिले. वहीत आज टाकलेली नोंद विरजणासारखी असते. रात्रभर तिला हलवू नये. बरव्यांच्या नोंदी तर वर्षानुवर्षं पडून राहत आणि मग कधी एखाद्या चित्रात उतरत. 1990 मध्ये आलेलं त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत आहे, हे आपलं भाग्य. कोऱ्या पृष्ठभागासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चालतं, हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारं लेखन आपल्या भाषेत फार थोडं आहे. प्रत्येक कलाविद्यार्थ्याने ते वाचावं, आणि वाचून झाल्यावर स्वतःची वही उघडावी.

वहीत काय लिहायचं, हा प्रश्न पुढे येतोच. तारीख, वेळ, जागा, उजेड कुठल्या बाजूने होता. कानावर पडलेलं एखादं वाक्य. न जमलेली गोष्ट, जशी की ‘हातगाडीचं चाक लंबगोल होतच नाही’. रंगांची नावं स्वतःच्या शब्दांत : कैरीचा हिरवा, ओल्या विटेचा तांबडा, रॉकेलच्या डब्याचा निळा. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापूरहून 1890 मध्ये कलाशाळेत आले आणि विद्यार्थी, मग शिक्षक म्हणून एकेचाळीस वर्षं तिथे राहिले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ आहे. रस्त्यावरच्या माणसांची पागोटी, नेसण, चालण्याची ढब त्यांच्या हातातून इतक्या सहज उतरायची की 1912 मध्ये एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरच्या पुस्तकाला त्यांची चित्रं शोभून दिसली. कोष्टी कसा चालतो, मारवाडी सावकार कसा बसतो, कोळीण पाटी डोक्यावर घेऊन वळते तेव्हा कंबर कुठे झुकते, ही माहिती पुस्तकातून येत नाही. चालणारी माणसं थांबत नसतात, म्हणून दोन मिनिटांत काढायची सवय लावावी लागते. पहिले कित्येक दिवस वहीत नुसते वळसे दिसतील. मग एके दिवशी एका वळशात खांदा दिसेल.

हे पुस्तक कसं वापरायचं याविषयी थोडंसं. पुढच्या पानांतले स्वाध्याय क्रमाने केलेच पाहिजेत असं नाही. तुमची जागा भाजी मंडई असेल तर माणसांचे स्वाध्याय आधी घ्या, जुना वाडा असेल तर प्रकाशाचे. प्रत्येक स्वाध्यायासोबत जी रेखाटनं छापली आहेत ती मुद्दाम विद्यार्थ्यांच्या वह्यांमधली आहेत आणि त्यांतली बरीच फसलेली आहेत. कुठे खोडलेलं आहे, कुठे चहाचा डाग आहे, कुठे अर्ध्यात सोडलेलं आहे. ती तशीच ठेवली, कारण चांगल्या चित्राकडे पाहताना विद्यार्थ्याला त्याच्यामागे पडलेला हा कचरा कधीच दाखवला जात नाही आणि मग आपलंच सगळं वाईट येतं असं त्याला वाटतं.

शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. सत्राच्या पहिल्या दोन महिन्यांत विद्यार्थ्याच्या रेखाटनवहीला गुण देऊ नका. तिची ज्युरी घेऊ नका, वर्गासमोर ती फिरवू नका. वहीला गुण मिळणार हे कळलं की वही लगेच नटून थटून येते. मुलं रात्री बसून एका दमात तीस पानं भरतात आणि शाई वेगवेगळी वापरून ती वेगवेगळ्या दिवशी काढल्याचं दाखवतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा त्याच्या जागेवर त्याच्यासोबत जा. शक्य असेल तर तुम्हीही वही घेऊन बसा, आणि तुमचं पान त्याला दाखवा. महाविद्यालयांच्या प्रमुखांनी यासाठी वेळापत्रकात आठवड्याची एक दुपार मोकळी ठेवावी आणि तिला हजेरीपटावर ‘आउटडोअर’ असं स्पष्ट नाव द्यावं, म्हणजे त्या दुपारी वर्गात कुणी सापडलं नाही म्हणून विद्यार्थ्यांना नोटीस लागणार नाही.